काका, मी विद्यार्थी आहे का?

आमच्या मजल्यावरचा पोरगा परवा लॅपटॉपची जाहिरात घेऊन आला. विद्यार्थ्यांना खास सवलत. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत: ‘पात्रता पडताळणी आवश्यक’. पोरगा एसवायला. सकाळी काशीमीरा नाक्यावरून शेअर रिक्षा, मीरा रोडहून लोकल, संध्याकाळी तेच उलटं. सबमिशन, व्हायवा, एक केटी, सगळं यथासांग. अशा प्राण्याला आपण विद्यार्थी आहोत हे सिद्ध करायला किती वेळ लागावा?

अकरा दिवस गेले. सिद्ध झालं नाही ते नाहीच.

सवलत काही किरकोळ नसते. अ‍ॅपलने मार्च २०२५ मध्ये एम४ चिपचा मॅकबुक एअर भारतात आणला, तेव्हा किंमत ९९,९०० रुपये आणि शिकणाऱ्यांसाठी ८९,९००. दहा हजारांत आमच्याकडे पोराचा वर्षाचा रिक्षाखर्च निघतो. आमच्या पोराला हवा होता तो दुसऱ्या कंपनीचा, बराच स्वस्तातला. नाव सोडा. नावं ठेवायला तिची गिऱ्हाइकं समर्थ आहेत.

आता गंमत अशी, की यातल्या बऱ्याच कंपन्या स्वतः काही तपासत नाहीत. तपासणीचा मक्ता दुसऱ्यांकडे. युनिडेज नावाची कंपनी २०११ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला निघाली, त्याच वर्षी अमेरिकेत शीअरआयडी. माणसाला ‘तू कोण’ विचारायचं आणि त्याच्या उत्तरावर शंका घ्यायची, यावर कंपन्या उभ्या राहतात. आमच्याकडे हे काम तहसील कचेरी केव्हापासून करते, पण तिला कधी गुंतवणूकदार भेटला नाही.

पडताळणीचा पहिला प्रश्न: कॉलेजचा ईमेल? म्हणजे ज्याच्या शेपटाला एसी डॉट इन किंवा ईडीयू डॉट इन आहे तो. ही शेपटं वाटायचा अधिकार केंद्र सरकारच्या अर्नेट इंडियाकडे. संस्थेला शेपूट मिळतं. ते प्रत्येक पोराला लावायचं की नाही, हे संस्थेने ठरवायचं. लाखांत फी घेणाऱ्या संस्था पहिल्याच दिवशी टी-शर्ट, पाण्याची बाटली आणि ईमेल देतात. आमच्या पोराच्या कॉलेजात उपप्राचार्यच जीमेलवर आहेत.

थोडक्यात, ज्याच्या बापाला दहा हजारांनी फरक पडत नाही त्याला सवलत दोन मिनिटांत. ज्याला पडतो त्याने कागद जोडावेत.

पोराने कागद जोडले. आधी आयकार्ड. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकली, फोटोच्या जागी उजेड. नाकारलं. दुसऱ्यांदा गच्चीवर जाऊन फोटो काढला. आता आयकार्डावर आडनाव आधी आणि अर्जात आडनाव शेवटी. नाकारलं. तिसऱ्यांदा मशीनला वैधतेची तारीख सापडेना, कारण ती मागच्या बाजूला, ‘हरवल्यास दंड’ या सूचनेच्या खाली, रबरी शिक्क्याने उठवलेली. आणि यादीत कॉलेजचं नावच नाही. कसं असेल? आपल्याकडे कॉलेजला नाव नसतं, वंशावळ असते. अमक्या ट्रस्टचे, तमक्या सोसायटीचे, कै. अमुकशेठ तमुकशेठ कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय. तेवढ्यात मशीनची रेघ संपते. मुंबई विद्यापीठाने दिलेला सोळा आकडी पीआरएन टाकायचा तर त्याला खोकाच नाही.

मग कोणीतरी म्हणालं, बोनाफाईड काढ.

कॉलेजच्या कचेरीतला संवाद पोराने मला जसाच्या तसा ऐकवला.

‘कशासाठी पाहिजे?’

‘लॅपटॉपसाठी, सर.’

‘असं कारण नाहीये. रेल्वे, पासपोर्ट, स्कॉलरशिप, बँक. बोल.’

‘सर, पण मला...’

‘पासपोर्ट टाकतो. लवकर मिळेल.’

लवकर मिळालं. चौथ्या दिवशी. आणि पलीकडून उत्तर आलं, की हा दाखला पासपोर्टसाठी दिलेला असल्याने ग्राह्य धरता येत नाही. साता समुद्रापलीकडचं मशीन, पण निर्णय अगदी आपल्या मातीतला. त्या दिवशी मला त्या मशीनबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

खरं तर सवलत देऊनही माणूस ओळखायची विद्या आपल्याकडे आहे. रेल्वेचा विद्यार्थी पास घ्या. कॉलेजने फॉर्म भरून द्यायचा, घरचं स्टेशन, कॉलेजचं स्टेशन, जन्मतारीख, सही, शिक्का. खिडकीतला माणूस एकदा फॉर्मकडे बघतो, एकदा पोराच्या मिशांकडे, आणि अर्ध्या पैशात पास फाडतो. त्याहून आधी गरीब मुलं पुण्यात वार लावून जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या. तिथे पडताळणी वाढणारी करायची: ‘काय रे, शाळेत आज काय झालं?’ उत्तर आलं की आमटी. अर्थात वार कुणाला मिळायचा आणि कुणी दाराशीही उभं राहायचं नाही, ती पात्रता न विचारताच ठरलेली असे. जुन्या काळाला फार ओवाळायची गरज नाही.

आणि काही ठिकाणी तर पडताळणी लागतच नाही. आमच्या दहिसर टोलनाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल माफ आहे. पन्नास लाखांची गाडी सुसाट जाते. तिला कोणी थांबवून विचारत नाही, की बाई, तू खरोखर गरजू आहेस का, बोनाफाईड आहे का.

अमेरिकेत तर आणखीच मजा. जानेवारी २०२२ मध्ये अ‍ॅपलने तिथल्या विद्यार्थ्यांना अशीच पडताळणी लावली आणि काही दिवसांतच काढूनही टाकली. म्हणजे पुन्हा आपले ‘मी विद्यार्थी’ म्हटलं की विद्यार्थी.

अमेरिकन माणूस शब्दावर विश्वास ठेवतो, हे आमच्या मीरा रोडला फार आधी कळलेलं आहे. ऑक्टोबर २०१६ आठवतोय? ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. बहुतेक पोरं-पोरी विशीतल्या. काम काय, तर अमेरिकेत फोन लावायचा, इंग्रजी नाव सांगायचं, ‘मी आयकर खात्यातून बोलतोय, तुमच्यावर कारवाई होणार’ म्हणून दरडावायचं. घाबरलेला माणूस दुकानात धावायचा, गिफ्ट कार्डं विकत घ्यायचा, त्यात आयट्यून्सचीही असत, आणि त्यावरचे आकडे फोनवर वाचून दाखवायचा. ना आयकार्ड, ना ईमेलचं शेपूट, ना शिक्का.

आमच्या नाक्यापासून रिक्षाच्या अंतरावर बसून परक्या देशाचा आयकर अधिकारी होता आलं. त्याच नाक्यावर राहून स्वतःच्या कॉलेजचा विद्यार्थी होता येईना. पोराला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘काका, त्यांच्याकडे स्क्रिप्ट होती.’

खोट्यांची सोय आजही आहेच. बोनाफाईडची झेरॉक्स काढताना दुकानदाराने गोष्ट ऐकली आणि सहज विचारलं, ‘कुठल्या कॉलेजचं पाहिजे?’ त्याच्याकडे आयकार्डाचे नमुने होते, तारखा समोरच्या बाजूला, ठळक. आडनाव शेवटी. खऱ्या कॉलेजांनी त्याच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पोरगा घाबरून पैसे न देताच पळाला, ते द्यायला मग मला जावं लागलं.

आणि माझा भाचा. नामांकित संस्थेतून २०१९ ला बाहेर पडला, हिंजवडीत नोकरी, एक फ्लॅट, दुसऱ्याचं बुकिंग. संस्थेने त्याचा ईमेल बंद करायचा राहिला. दर दिवाळीला तो विद्यार्थी होतो. गेल्या वर्षी हेडफोन फुकट मिळाले, त्यांवर तो माझ्याशी फोनवर बोलतो.

अकराव्या दिवशी सवलतीची मुदत संपली. पोराची आई म्हणाली, ‘भावजी, जाऊ दे ना, हप्त्यावर घेऊ.’ दुकानात गेलो. फायनान्सवाला मुलगा टेबलापाशी बसूनच होता. आधार, ओटीपी, एक सेल्फी. ट्यूबलाइट चमकली तरी चाललं. आडनाव आधी असो की नंतर, त्याला काही घेणं नव्हतं. पूर्ण किमतीचं कर्ज द्यायला कोणाला कसली शंका नव्हती. सात मिनिटांत फॉर्म व्यवसायाच्या रकान्यापर्यंत पोचला.

‘काय करतोस?’

‘विद्यार्थी आहे.’

अकरा दिवसांत हे वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी पुरावा न मागता खरं मानलं. पोराचा चेहरा उजळला.

‘मग तुझ्या नावावर नाही होणार,’ तो म्हणाला. ‘पप्पांना घेऊन ये.’