गडावर गादी? शिव शिव!

अहो, ऐकलंत का? ट्रेकर मंडळी म्हणे आता गडावर चक्क झोपतात!

म्हणजे रात्री डोळे मिटण्याची पद्धत पूर्वीही होती, नाही असं नाही. पण त्याला झोप कुणी म्हणत नसे. पाठीखाली सतरंजी, सतरंजीखाली नेमका बरगडीत घुसेल असा एक धोंडा, उशाला बूट नाहीतर सॅक आणि अंगावर घरातली सगळ्यात जुनी सोलापुरी चादर. शेवटची कसारा लोकल पकडून निघालेला, दिवसभर चढून आलेला माणूस त्या धोंड्यावर आडवा व्हायचा आणि सकाळी मान एका बाजूला कललेली असताना ‘काय गाढ झोप लागली राव!’ असं धडधडीत खोटं बोलायचा. राजगडावरचं पद्मावतीचं देऊळ असो की हरिश्चंद्रगडावरच्या गुहा, हे खोटं पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेनं बोललं गेलं. गोनीदांनी राजगडावर मुक्काम केले, ते काय मॅटची जाडी मोजून?

आणि आता बघा. पिठलं-भात आटोपला, ताटल्या घासून झाल्या, की गडाचा इतिहास राहतो बाजूला आणि विशीतलं पोरगं पन्नाशीच्या माणसाला विचारतं, “काका, तुमचा आर किती?” काकाही लाजत-बिजत नाहीत. “साडेचार,” म्हणतात. ऐकणारे दोन क्षण गप्प होतात. दीडच्या आरवर पडलेला एक बिचारा मुकाट्यानं कूस बदलतो.

हा आर म्हणजे अंगातली ऊब जमिनीत जाऊ न देण्याची मॅटची ताकद. आकडा मोठा तितकी मॅट उबदार, आणि घेणाऱ्याचा खिसा तितकाच गार. पूर्वी ज्या त्या कंपनीनं आपल्या पद्धतीनं मोजावं आणि आपल्याला शोभेल तो आकडा छापावा, असा मोकळा कारभार होता. मग २०१८ साली अमेरिकेत एएसटीएमनं ‘एफ ३३४०’ नावाचं मानक काढलं आणि सगळ्यांच्या मॅटा एकाच कसोटीवर मोजण्याची सोय झाली. झालं! मोजता येऊ लागलं की मिरवता येतंच. आपली जुनी फोमची कॅरीमॅट, ती गुंडाळी करून सॅकच्या बाहेर बांधायची, झाडाझुडपांत अडकवायची आणि लोकलमध्ये दुसऱ्याच्या तोंडावर मारायची, तिचा आर दोनच्या आसपास निघाला. एवढी वर्षं इमानानं पाठीखाली राहिली, आणि आता चारचौघांत तिचा असा पाणउतारा.

पण खरी भानगड स्लीपिंग बॅगच्या आकड्यांत आहे. जरा जवळ या, हे मोठ्यानं सांगण्यासारखं नाही.

चांगल्या बॅगेच्या लेबलावर तापमानाचे तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. युरोपात आधी ‘ईएन १३५३७’ नावाचं मानक होतं, आता ‘आयएसओ २३५३७’ आहे. त्या मानकात एक प्रमाण बाई आहे आणि एक प्रमाण पुरुष. बाई वय २५, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६० किलो. पुरुष वय २५, उंची १७३, वजन ७३. वाचलंत? फक्त गोत्र आणि नाडी तेवढी लिहायची राहिली, बाकी वधू-वर सूचक मंडळाची नोंदच! कम्फर्टचा आकडा त्या बाईचा: एवढ्या थंडीत ती ऐसपैस, निवांत झोपेल. लिमिटचा आकडा त्या पुरुषाचा: एवढ्या थंडीत तो मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल. आणि एक्स्ट्रीम? त्या थंडीत ती बाई सहा तास जगेल. झोपेल असं नाही म्हटलेलं, जगेल. अंगातली ऊब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरेल, पण जगेल. म्हणजे रात्री अकराला चेन ओढली, तर पहाटे पाचनंतरची जबाबदारी कुणावर नाही.

(प्रत्यक्षात बाईही नसते आणि पुरुषही. प्रयोगशाळेत विजेवर तापवलेला एक पुतळा बॅगेत घालतात आणि त्याच्यावरून हिशेब मांडतात. पुतळ्याला मध्यरात्री लघवीला उठावं लागत नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेवा.)

आता आमची मंडळी दुकानात जाऊन कुठला आकडा वाचतात? सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला. आणि काही पिशव्यांवर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय छापलेलं असतं, हे तुम्ही ओळखलंच असेल. ‘उणे दहाची घेतली!’ असं छाती पुढे काढून सांगणाऱ्याला, ‘अहो, ते उणे दहा त्या पोरीच्या जिवावरचं संकट आहे’ हे कोण सांगणार? शिवाय आपलं गिऱ्हाईक बावन्न वर्षांचं, दोन्ही गुडघे कुरकुरणारं, तळपाय कायम गार. प्रमाण पुरुषाशी त्याचं नातं फक्त लिंगापुरतं. त्यानं मुकाट्यानं बाईचा आकडा वाचावा आणि त्यातही दोन-चार अंशांची सूट ठेवावी. पण पुरुषानं बाईच्या आकड्यावरून बॅग घ्यायची? छे छे, काहीतरीच काय!

या मोजणीत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि तिची चर्चा कुणी करत नाही. पुतळ्याच्या अंगात लांब बाह्यांचे आतले कपडे असतात आणि त्याच्या बॅगेखाली मॅट असते. मॅटशिवाय त्या तिन्ही आकड्यांना काही अर्थ नाही. कारण साधं आहे: बॅग ऊब देत नाही, फुगलेल्या भरावात अडकलेली हवा तुमचीच ऊब राखते. पाठीखालचा भराव तुमच्याच वजनानं चेपतो, हवा निघून जाते आणि उरतं ते दोन पदरी नायलॉन. म्हणून डिसेंबरात कोकणकड्यावर भारी बॅगेत शिरूनही पाठ गार पडते, आणि शेजारी कॅरीमॅटवर दोन गोधड्या घेतलेला गडी घोरत असतो. आमच्याकडे लोक अंगावर घ्यायच्या बॅगेवर पगार उधळतात आणि अंगाखाली अंथरायला प्लास्टिकचा कागद आणतात. याला मी तरी सरळ सरळ उलटं अंथरूण म्हणते.

काहींनी यावर जालीम उपाय काढलाय: हवेची गादी! तलावात पोहायला नेतात तसली, जाडजूड. दिसायला राजेशाही, पण आत नुसती हवा असेल तर ती हवा आतल्या आत फिरते आणि तुमची ऊब इमानेइतबारे जमिनीला नेऊन पोचवते. जाडी चार बोटं आणि थंडी थेट पाठीला. कॅम्पिंगच्या चांगल्या गाद्यांत म्हणूनच फोम नाहीतर चमचमत्या पातळ पडद्याचे थर घालतात, आणि त्या पडद्यांमुळे कूस बदलली की अख्ख्या गुहेला कळतं. फोल्डिंग खाटेचीही तीच कथा. खालून वारा मोकळा, त्यामुळे खाटेवरही मॅट अंथरावीच लागते. पण पायथ्याशी गाडीतून खाट उतरवणाऱ्या माणसाला हे सांगायचं धाडस माझ्यात नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघवत नाही आणि मोडवतही नाही.

फोम आणि हवा एकाच मॅटमध्ये घालण्याची युक्ती कुणाची, माहितेय? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग कंपनीतून नोकरी गेलेल्या सिएटलच्या दोन इंजिनियरांची, जिम ली आणि नील अँडरसन. विमानं बनवणारे हात रिकामे झाले आणि झडप उघडली की आपोआप फुगणारी मॅट निघाली, थर्म-ए-रेस्ट. मुलांच्या नोकरीची काळजी करणाऱ्या आयांनी याची नोंद घ्यावी, पण फार घेऊ नये.

आणि कुणी म्हणेल की हे सगळे आत्ताचे चोचले, तर तेही खोटं. वेल्समधल्या न्यूटाउन गावचा प्राइस प्राइस-जोन्स नावाचा एक कापडवाला होता, टपालानं माल विकणारा. त्यानं १८७६ साली ‘युक्लिसिया रग’ नावाच्या वस्तूचं पेटंट घेतलं. लोकरीची घोंगडी, तिलाच शिवलेली फुगवायची रबरी उशी, घडी घालून अंगाभोवती गुंडाळायची आणि झोपायचं. हल्लीच्या स्लीपिंग बॅगची ही पणजी. घेतली कुणी? रशियाच्या सैन्यानं! तुर्कांशी लढाई चालू होती, प्लेव्हनाला वेढा पडला होता, आणि शिपायांना हवी होती फुगवायची उशी. आता बोला. उशी घेऊन येणाऱ्या ट्रेकरला आम्ही नाजूक नाजूक म्हणून चिडवतो.

उशीवरून आठवलं, पिसांचं प्रकरण राहिलंच. महागड्या बॅगांत बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं भरलेली असतात, डाउन म्हणतात त्याला. ती किती फुगतात याचाही आकडा आहे, फिल पॉवर: एक औंस पिसं किती घनइंच जागा व्यापतात, तो. आठशे म्हणजे खानदानी. आता संकष्टीला मीठही मोजून खाणारं आमचं घराणं, आणि त्या घरातला मुलगा बदकाच्या पिसांत गुरफटून निजतो! आजीला ‘कापूस आहे’ म्हणून सांगितलंय. ती हात फिरवून म्हणाली, “असला कापूस कुठे पिकतो रे?” पुढचं संभाषण छापण्यासारखं नाही.

पिसांवर माझा आक्षेप मात्र धर्माचा नाही, हवेचा आहे. पिसं ओली झाली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब संपली. आणि आपल्याकडे ओलं न होणारं काय आहे? जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीत सॅक भिजते, मन भिजतं, काडेपेटी तर हमखास भिजते. थंडीतही बंद तंबूत रात्रभरच्या श्वासाचं पाणी कापडाला आतून धरतं आणि पहाटे थेंबथेंब कपाळावर पडतं. आपल्या डोंगरांना कृत्रिम धाग्याची, बाईच्या आकड्यात पाच ते दहा अंशांची साधी बॅग हिवाळ्यात पुरून उरते. पावसाळ्यात पातळ लायनर, म्हणजे एरवी बॅगेच्या आत घालायची खोळ, आणि एखादी चादर. बाकी ऊब जेवणातून आणि कोरड्या मोज्यांतून मिळते, दुकानातून नाही.

हिमालयात जाणाऱ्यांची गोष्ट निराळी, तिथे थंडी खरी असते. केदारकंठाला बर्फात तंबू ठोकायचा तर आर चार-पाचच्या घरात हवा. पण म्हणून नवी मॅट घ्यायची? अहो, आरची बेरीज होते! हवेच्या मॅटखाली तीच अपमानित कॅरीमॅट अंथरा, दोघींचे आकडे एकमेकींत मिळवा. शिवाय पुष्कळ आयोजक बॅग देतातच. आपण आपला लायनर न्यावा, कारण आधी तीत कोण झोपून गेलं याची चौकशी करण्यात शहाणपण नाही. हे मी ओळखीतल्या एकाला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि नवी बॅग घेतली. ती आता घरात कपाटातल्या दांडीवर लटकलेली आहे, पैठणीच्या शेजारी. कारण बॅग दाबून छोट्या पिशवीत वर्षभर ठेवली की भराव चेपून जातो, मोकळी ठेवावी लागते. पैठणी आता पलंगाखालच्या पेटीत गेलीय, आणि त्या घरात हल्ली चहा फार गार मिळतो.

पवनेच्या काठाबद्दल तर बोलूच नये. समोर तुंग, तिकोना, लोहगड असे किल्ले उभे आहेत आणि खाली तंबूंची वसाहत, बार्बेक्यू, आणि गाण्यांचा आवाज असा की लोहगडावरच्या माकडांनाही शब्द पाठ झालेले. मेच्या उकाड्यात तिथे उणे दहाची बॅग उघडणारी माणसं आहेत! आत शिरतात, पाच मिनिटांत उकडतात, आणि मग तिची घडी घालून उशाला घेतात. एवढी महाग उशी रशियाच्या झारालाही परवडली नसती.

आणि सगळ्यात चुरचुरीत बातमी शेवटी ठेवली होती. काही बॅगांची चेन डावीकडे असते, काहींची उजवीकडे. तसं उगाच नसतं. एक डावी आणि एक उजवी, एकाच जातीची घेतली, तर दोन्ही उघडून एकमेकींना जोडता येतात आणि दोघांची एक बॅग होते. आता गडावर, देवळाच्या ओसरीत, बारा जण ओळीनं झोपलेले असताना कुणी डावी-उजवी जोडणार का? नाही ना? पण मग परवा आमच्या ग्रुपमधली एक मुलगी दुकानदाराला तीनतीनदा “उजव्या चेनचीच हवी” असं का बजावत होती, आणि ग्रुपचा लीडर त्याच वेळी मोबाइलमध्ये एवढं काय शोधत होता? त्याची डावी आहे. मी स्वतः पाहिलीय.