पियानोच्या तोंडात बोळा

ऐकलंत का? बर्लिनच्या त्या पियानोवादक निल्स फ्रामनं पियानोच्या तोंडात चक्क बोळा कोंबला! हातोड्या आणि तारा यांच्या मधे नमद्याची जाड पट्टी. कारण काय, तर रात्री-अपरात्री वाजवायचं, पण शेजाऱ्यांची झोप मोडायची नाही. एवढा शेजारधर्म अंगात होता, तर दिवसा वाजवावं की! पण नाही. माइक थेट पियानोच्या पोटात, तारांना जवळजवळ चिकटून. मग जे ऐकू येईल ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये: लाकडाची करकर, हातोडीची ठकठक, वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा. असले आवाज येऊ नयेत म्हणून लोक जिवाचा आटापिटा करतात. ह्यानं २०११ साली त्याच आवाजांचा ‘फेल्ट’, म्हणजे नमदा, नावाचा अल्बम काढला. आणि लोकांनी डोक्यावर घेतला! आता तर संगणकासाठी तयार ‘फेल्ट पियानो’ विकत मिळतो, करकरीसकट. जनाची नाही तर निदान बीथोवेनची तरी!

पुढच्या वर्षी स्वारी उंच पलंगावरून पडली. अंगठा मोडला, आत चार स्क्रू बसले. डॉक्टरांनी बजावलं, पियानोला हात लावायचा नाही. ऐकेल तर शपथ! उरलेल्या नऊ बोटांनी नऊ रचना केल्या, नाव ठेवलं ‘स्क्रूज’ आणि तिसाव्या वाढदिवसाला फुकट वाटल्या. लोक पेढे वाटतात हो.

बरं, एवढ्यावर भागतंय का? २०१५ पासून ह्यांनी पियानोचा सणही सुरू केलाय. पट्ट्या ८८, म्हणून वर्षाचा ८८वा दिवस. एरवी २९ मार्च, लीप वर्षी २८. म्हणजे तिथीचा घोळ तिथंही आहेच! पहिल्या सणाला प्रसाद काय, तर डेव्हिड क्लाविन्सनं बांधलेल्या ३.७० मीटर उंचीच्या उभ्या पियानोवरचं वादन. जिना चढून वर बसायचं! आणि वर चढून हा पठ्ठ्या बराच वेळ कुजबुजतोच.

त्या इटालियन पियानोवादक एनाउदींची तर बातच सोडा. २०१६ साली थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्डच्या हिमनदीसमोर, तरंगत्या तराफ्यावर ग्रँड पियानो! बर्फ वाचवा म्हणून सांगायला गेले आणि मागे हिमकडे धडाधड कोसळतायत.

पण पोरांना तरी काय बोलायचं, थोरांनीच सोकावून ठेवलंय. संगीतकार एरिक सातीनं एक चिमुकली रचना लिहून ती ८४० वेळा वाजवण्याबद्दल लिहून ठेवलं. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये संगीतकार जॉन केजनं ते खरंच करून दाखवलं. वादक आळीपाळीनं बसत होते, अठरा तासांहून जास्त! तिकीट पाच डॉलर. जो जितका वेळ टिकेल, त्याला दर वीस मिनिटांना पाच सेंट परत. ऐकण्याबद्दल उलट मजुरी! शेवटचं आवर्तन संपलं, आता तरी सुटलो असं वाटतंय, तोच प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, ‘वन्स मोअर!’