बदकवाले अण्णा

माळ घातलेला माणूस ओळखायला त्याच्या गळ्याकडे बघायची गरज नसते. तो तुमच्या ताटाकडे बघत असतो. त्यातून माळ नवी असेल तर विचारूच नका. काल-परवापर्यंत जत्रेत मटणाच्या रश्श्यासाठी दुसरी पंगत धरणारा गडी आज "वरणात लसूण न्हाई ना?" असं विचारून यजमानाला घाम फोडतो.

लोहाऱ्यात असे माळकरी पुष्कळ. पण आमच्या अण्णांनी घातलेली माळ तुळशीची नाही. अण्णांनी सिस्टिम बदलली.

अण्णा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गणिताचे निवृत्त मास्तर. चार वर्ग एकाच खोलीत सांभाळल्यामुळे आवाज असा, की एकाला सांगितलेलं चौघांना कळावं. पांढरा नेहरू शर्ट, वरच्या खिशात निळं आणि लाल अशी दोन पेनं, आणि अलीकडं त्या दोघांच्या मधोमध एक पेनड्राईव्ह. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो, जे लागेल ते. सकाळी साडेदहाला अण्णा बाकावर येऊन बसतात आणि रांगेतल्या माणसांना, त्यांनी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतात. असे अण्णा प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी असतात. आमच्याकडे एकच आहेत, पण ते दोघांची कसर भरून काढतात.

गेल्या वर्षी पावसानं सोयाबीन रानातच झोपवलं. त्यामुळे ऑक्टोबरात दुकानात जो येई तो पडलेल्या चेहऱ्यानंच येई. १४ ऑक्टोबर २०२५ ला सकाळी अण्णाही तसेच आले. डोक्यावर टोपी नाही. मला वाटलं भावकीत काही झालं.

"काय झालं अण्णा?"

"विंडोज टेन गेलं."

मायक्रोसॉफ्टनं त्या दिवसापासून विंडोज १० चा फुकट सांभाळ थांबवला, हे खरं होतं. म्हणजे संगणक बंद पडणार नव्हता, फक्त त्याला लागणारी सुरक्षेची डागडुजी थांबणार होती. अण्णांचा लॅपटॉप २०१४ चा. विंडोज ११ घ्यायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. तपासणी केल्यावर पडद्यावर जे उत्तर आलं ते आमच्याकडच्या माणसाला भाषांतर करून सांगावं लागत नाही. अनुदानाच्या यादीत नावापुढं असतो तोच शेरा: अपात्र.

मी म्हणालो, "अण्णा, वर्षभराची मुदतवाढ मिळतीय. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत चालतंय की."

अण्णा उसळले. "मला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवलं तवा कुणी दिली का मुदतवाढ?"

या युक्तिवादापुढे मी गप्प बसलो. अण्णांनी जुना लॅपटॉप पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि हात झटकले. "ह्येला तुमीच ठिवा, न्हाईतर भंगारात घाला. आता ह्यो गेला."

दिवाळीत पुण्याहून अण्णांचा मुलगा आला, नवा लॅपटॉप घेऊन. त्याच्यासोबत एक मित्र होता आणि मित्राच्या टी-शर्टावर पोटभर जेवून बसलेला एक पक्षी. तो पेंग्विन आहे आणि लिनक्सचं चिन्ह आहे, हे आम्हाला पुढं कळलं. लोहाऱ्याच्या दृष्टीनं ते बदक होतं. पाडव्याच्या दुपारी त्या मित्रानं अण्णांना कानमंत्र दिला. पेनड्राईव्हवरूनच लिनक्स चालू करून दाखवलं. मशिनीत काही न भरता, आतलं काही न पुसता. पाहुण्यानं ओसरीवर बसावं, चहा घ्यावा आणि पटलं तरच आत यावं, अशी ती पद्धत. अण्णांना फार पटली. संध्याकाळपर्यंत पाहुणा घरात आला आणि घरमालक बाहेर गेला. मुलगा म्हणत होता, दोन्ही ठेवा, चालू करताना पाहिजे ते निवडा. अण्णा म्हणाले, "एका घरात दोन चुली माझ्याच्यानं बघवत न्हाईत."

घेतलेल्या प्रकाराचं नाव लिनक्स मिंट. मिंट म्हणजे पुदिना, हे कळल्यावर काकूंनी त्याची जी किंमत केली ती अजून वर गेलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कीर्तन सुरू झालं. "एकोणीसशे एक्क्याण्णव साल. फिनलंड देश. हेलसिंकी नगरी. लिनस टोरवाल्ड्स नावाचं एकवीस वर्षांचं पोरगं. त्यानं सिस्टिमचं गाभ्याचं काम केलं आणि जगाला म्हणालं, घ्या! बघा, सुधारा, वाटा!"

रांगेतून आवाज आला, "फिनलंड कुठं आलं गुर्जी? उमरग्याच्या अल्याड का पल्याड?"

"तुझ्या खिशात काय हाय?" अण्णांनी उलट विचारलं.

"तंबाखू."

"दुसऱ्या खिशात?"

"मोबाईल."

"त्येच्या पोटात लिनक्सच हाय!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. हेही खरं. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच. तो गडी मोबाईल काढून उलटासुलटा करून बघत राहिला. आपल्या नकळत आपल्याला कुणी बाटवलं की काय, असा त्याचा चेहरा झाला होता.

नव्या माळकऱ्याचं दुसरं लक्षण म्हणजे सोवळं. अण्णांचा लॅपटॉप हा लोहाऱ्यातला सर्वांत निरोगी लॅपटॉप आहे. त्याच्या प्रकृतीचे नियम पाळता पाळता अण्णांची आणि काकूंची प्रकृती ढासळली, तो भाग वेगळा.

पहिला नियम टक्क्यांचा. लिथियम-आयनची बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर आणि वर उष्णतेत ठेवली तर लवकर म्हातारी होते, पार रिकामी करणंही बरं नाही, वीस ते ऐंशीच्या दरम्यान खेळवावी. यात चूक काही नाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ऐंशीवर आपोआप थांबायची सोयही असते. पण सोय वापरली तर त्यात अण्णा कुठं राहिले? ते रात्री अडीचचा गजर लावतात, उठतात, आकडा बघतात आणि वायर काढतात. काकू परवा दुकानात फोटो काढायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "माझी बीपीची गोळी संपून आठ दिवस झालं, त्ये ध्यानात न्हाई. त्येची टक्केवारी मात्र झोपंत सांगत्यात."

दुसरा नियम हवेचा. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा बेचाळीसला टेकतो, तेव्हा लॅपटॉप गादीवर, गोधडीवर, मांडीवर ठेवायचा नाही. खालची जाळी बुजते, पंखा गरगरतो, आतला प्रोसेसर तापून आपला वेग स्वतःच कमी करतो. म्हणून अण्णांनी देवघरातला पाट घेतला, त्यावर बाटलीची चार झाकणं ठेवली आणि त्यावर लॅपटॉप. देव सध्या फरशीवर आहेत. मळणीच्या दिवसांत तर खिडक्या बंद. सोयाबीनचा भुस्सा पंख्यात गेला की पात्यांवर त्याची गोधडी होते, असं ते सांगतात. मला ते पटतं. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशिनी मी नुसत्या ब्रशनं बऱ्या केल्यात आणि पैसे मात्र दुरुस्तीचे घेतलेत.

तिसरा नियम अर्थिंगचा. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. बहुतेकदा रोग लॅपटॉपचा नसून भिंतीचा असतो. प्लगाला तिसरी पिन असते, पण सॉकेटातल्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अण्णांनी अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं आणि आता दर पंधरवड्याला त्यात बादलीभर पाणी ओततात. शेजारची तुळस वाळत चाललीय.

येळवशीला तर कमाल झाली. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं अख्खं गाव रानात जातं. भज्जी, उंडे, आंबिल. अण्णांनी लॅपटॉपही नेला, कारण घरी एकटा ठेवला तर उंदीर. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, जेवणं बसली, आणि एका नातवानं आंबिलीचा बिंदगा कलंडवला. पांढरा ओघळ पाटाच्या दिशेनं निघाला. अण्णांनी नातवाला ओलांडून लॅपटॉप उचलला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ज्वारीत उभे राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटलं, वसुदेवच निघालेत. त्या दिवशी बॅटरी एकोणीसवर गेली. अण्णा उपाशीच घरी परतले.

हसण्यासारखं एवढं आहे, पण त्यांच्या एका नियमाला मी हसत नाही. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. एक लॅपटॉपमध्ये, एक कपाटातल्या पेनड्राईव्हवर, एक उमरग्याला बहिणीकडं. एकदा मी चेष्टेनं विचारलं, बहिणीकडं कशाला? अण्णा कीर्तनाच्या आवाजात बोलले नाहीत. "त्र्याण्णवला मी सास्तूरकडं व्हतो," एवढंच म्हणाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात त्या भागातली दगडमातीची घरं माणसांवर बसली. जी माणसं वाचली ती पुढं महिनोन् महिने कागद शोधत होती. एका भिंतीखाली सगळं ठेवू नये, हे अण्णांना कुठल्या पेंग्विनानं शिकवलेलं नाही.

माळेला तडा गेला तो दुसऱ्याच ठिकाणी. अण्णांनी वीस वर्षांत शाळेचे अहवाल, निरोपाची भाषणं, स्नेहसंमेलनाची निवेदनं असं बरंच टाईप केलेलं होतं. सगळं जुन्या फॉन्टांत. त्या फॉन्टांची गंमत अशी, की आत साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच, वर फक्त मराठीचा मुखवटा. फॉन्ट आहे तोवर 'सन्माननीय अध्यक्ष महोदय', फॉन्ट नाही तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडनं देवनागरीला १९९१ सालीच स्वतःची जागा दिली होती, म्हणजे लिनक्स आणि ती एकाच सालची. पण ती लोहाऱ्याच्या टायपिंग क्लासात पोचेपर्यंत अण्णांचे अहवाल लिहून झाले होते. नव्या लॅपटॉपवर पहिली फाईल उघडली तेव्हा अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "माझ्याच भाषणाला मी निरक्षर झालो की रं."

आता ते रोज दोन पानं युनिकोडमध्ये नव्यानं टाईप करतात. फॉन्ट बदलून देणारं कन्व्हर्टर आहे, मी दाखवलंही. पण त्यात ऱ्हस्वदीर्घ आणि जोडाक्षरं कुठंकुठं हलतात. मास्तराला ते कसं सोसावं?

या सगळ्याआधीचा एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. नोव्हेंबरची गोष्ट, माळ जेमतेम पंधरा दिवसांची. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचा महिना. हयातीचा दाखला. दुकानात रांग, रांगेत काठ्या. अण्णा नवा लॅपटॉप छातीशी धरून आले आणि म्हणाले, "तुमचं अंगठ्याचं यंत्र द्या. मी माझ्या सिस्टिमवर हयात होणार."

मी म्हणालो, "अण्णा, ह्या यंत्राचं सॉफ्टवेअर आपल्याकडं विंडोजचंच हाय."

"इच्छा असली की मार्ग निघतो." त्यांनी यंत्र जोडलं. दिवा लागला नाही. मग काळी खिडकी उघडली आणि एक आज्ञा टाईप केली, 'सुडो'नं सुरू होणारी.

"सूड कुणावर घेताव गुर्जी?" मागची एक आज्जी.

"सूड न्हाई, सुडो! मालकाच्या हक्कानं हुकूम सोडलाय."

हुकूम सुटला, पण ऐकणारं कुणी नव्हतं. अर्धा तास गेला. रांग बाकावरून पायरीवर आणि पायरीवरून रस्त्यावर आली. शेवटी मी यंत्र काढून घेतलं आणि रोजच्या जागी, कोपऱ्यातल्या लॅपटॉपला लावलं. अण्णांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तो त्यांचाच होता, २०१४ चा, गेलेला. मी त्याला भंगारात घातला नव्हता. मुदतवाढ गुपचूप घेऊन दिली होती. तीन आठवडे तो गठ्ठ्यांवर, धुळीत, चोवीस तास वायर लावून, चहाच्या शेगडीपासून हातभर अंतरावर अंगठे घेत होता.

अण्णा काही बोलले नाहीत. खुर्चीवर बसले, अंगठा ठेवला. खडूनं झिजलेला अंगठा, तीनदा उमटला नाही. चौथ्यांदा हिरवा दिवा लागला. पडद्यावर अण्णांचं नाव आलं आणि खाली गोल फिरू लागलं. थोडंच राहिलं होतं.

तेवढ्यात अण्णांचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडं गेलं.

"शंभर टक्के!" ते ओरडले. "शंभरावर चार्जिंगला ठिवलाय? वर ही शेगडी?" आणि मी नको म्हणेपर्यंत त्यांनी सवयीनं वायर उपटली.

अकरा वर्षांची बॅटरी ती, आकडा काही का दाखवेना. पडदा काळा झाला.

दुकानात कुणी हललं नाही. मग मागच्या आज्जीनं काठीवर भार देऊन मान पुढं काढली आणि मला विचारलं, "मग आता गुर्जी हायत का न्हाईत?"