आधी पद्धत सांगा

चप्पल घ्यायला दुकानात गेलात की पाठीमागून येऊन "तुम्ही टाच आधी टेकवता की चवडा?" असं विचारणारा माणूस तुमच्याही गावात असेल. पाण्याची टाकी घेताना "माणशी वापर किती?" असं म्हणून घरच्या आंघोळी मोजायला लावणाराही तोच. वस्तू तुमची, पैसे तुमचे, निवडायचा अधिकार मात्र त्याचा. आमच्या जेऊरला हे खातं नानांकडे आहे. फरक इतकाच की नानांचा सखोल अभ्यास एकाच वस्तूचा आहे, आणि ती वस्तू अख्ख्या करमाळा तालुक्यात कुणाला लागत नाही. गोल्फची बॅग.

जेऊरला रेल्वे स्टेशन आहे, उसाच्या ट्रॉल्या आहेत, केळीचे ट्रक आहेत, मोटारसायकलला टांग मारली की उजनीचं बॅकवॉटर आहे. गोल्फ नाही. पण त्यानं नानांचं काही अडत नाही. गावात दुसरा जाणकार नसल्यानं आजवर त्यांचा एकही मुद्दा कुणी खोडू शकलेलं नाही, हा उलट फायदाच.

मुलीसाठी दप्तर घ्यायला मी बाजारात निघालो होतो, तेव्हा नानांनी मला चौकात अडवलं.

"सर, लोक आधी रंग बघतात. तिथंच फसतात. आधी पद्धत सांगा."

"कसली पद्धत?"

"खेळायची. चालत खेळणार, गाडीतनं खेळणार, का दुसऱ्याच्या खांद्यावर खेळणार?"

"नाना, ती चौथीत आहे."

"म्हणजे चालत," नाना म्हणाले, आणि रस्त्यातच तास सुरू झाला.

नानांचं शास्त्र असं. चालत खेळणाऱ्यानं स्टँड बॅग घ्यावी. तिला दोन बारीक पाय असतात. बूड जमिनीला टेकलं की ते फटकन उघडतात आणि बॅग तिरकी उभी राहते. पट्टे दोन्ही खांद्यांना, रिकामं वजन दोन-अडीच किलो. गाडीतनं हिंडणाऱ्याला पाय काय करायचेत? त्यानं सपाट बुडाची कार्ट बॅग घ्यावी. ती गाडीच्या मागं पट्ट्यानं आवळून टाकतात, आणि खिसे अशा बेतानं असतात की बांधलेल्या बॅगेतही हात जावा. संध्याकाळी अर्धा डाव मारून घरी जाणाऱ्याला पेन्सिल बॅग पुरे. सहा-सात काठ्या बसल्या की झालं. आणि मग टूर बॅग. अवाढव्य, चकचकीत, अंगावर कंपनीचं नाव, रिकामीच चार-साडेचार किलोच्या पुढं.

"ती कुणी घ्यावी, नाना?"

"ज्याला उचलायची नाही त्यानं."

दप्तर मी त्या दिवशी रंग बघूनच घेतलं. मुलीनं गुलाबी मागितलं होतं. नाना महिनाभर नाराज होते.

हे सगळं ज्ञान नानांनी युट्यूबवर मिळवलं, अशी गावाची पक्की समजूत आहे. मुलगा टेक्सासला. त्यानं तिकडून येताना वडिलांना विरंगुळा म्हणून आपली जुनी स्टँड बॅग, काठ्या आणि पिशवीभर चेंडू आणून दिले. बाकीच्यांची मुलं मसाज मशीन आणतात. तेव्हापासून नाना संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर बसतात आणि गाडीला आलेल्या माणसांची वर्गवारी करतात. एमपीएससीच्या क्लाससाठी पुण्याला निघालेलं पोरगं, पाठीला फुगलेली सॅक: स्टँड बॅग. चाकांच्या चार सुटकेसा आणि वर चिवड्याचा डबा घेऊन उतरलेलं मुंबईचं बिऱ्हाड: कार्ट बॅग. कापडी पिशवी घेऊन केमला लेकीकडं निघालेली म्हातारी: पेन्सिल. एकदा निवडणुकीच्या हंगामात एक पुढारी प्लॅटफॉर्मवर आले. कडक पांढरे कपडे, दोन्ही हात मोकळे. मागून एक तरुण पोरगा, त्याच्याकडं साहेबांची बॅग, फाइल, पाण्याची बाटली आणि साहेबांचेच दोन फोन.

"टूर बॅग," नाना पुटपुटले.

"आणि तो पोरगा?"

"त्याला वाटतंय आपण पण खेळतोय."

नानांना बॅग उघडून दाखवायचा सोस आहे. तोंडाशी कापडी भिंती घालून कप्पे केलेले असतात: कुठं चार, कुठं सहा, महागात चौदा. कमी कप्प्यांच्या बॅगेत काठ्या बुडाशी एकमेकींत अडकतात आणि ऐन वेळी एक ओढली की तिघी वर येतात. चौदाच का, असं विचारायची चूक बँकेतल्या नव्या साहेबांनी केली. मग त्यांना कळलं की पूर्वी काठ्यांना मर्यादाच नव्हती; अमेरिकेचा लॉसन लिटल वीस-पंचवीस काठ्या बाळगायचा, म्हणजे खेळायचा तो आणि मोडायचा उचलणाऱ्याचा खांदा. शेवटी अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली चौदाची हद्द घातली. पंधरावी सापडली की दंड. साहेबांनी तेवढ्या वेळात तीन वेळा घड्याळ बघितलं.

हा चौदाचा नियम नाना कुठंही लावतात. लग्नाच्या आहेरात पंधरावं पातेलं दिसलं की "दंड!" वर्गणीच्या पावतीवर पंधरा नावं दिसली की "दंड!" घरी नानींनी फडताळातले डबे मोजू दिले नाहीत म्हणून तेवढं घर वाचलं.

आणि दंडाचा विषय निघाला की इयान वूस्नमची गोष्ट येतेच. गावातल्या शेंबड्या पोरालाही ती पाठ आहे. २००१ सालची ब्रिटिश ओपन, रॉयल लिथमचं मैदान, शेवटचा दिवस. पहिल्याच होलला वूस्नमनं चेंडू भोकाच्या अगदी जवळ टाकला आणि एक फटका वाचवून तो आघाडीवर गेला. दुसऱ्या होलला बॅग उचलणारा कॅडी म्हणतो, साहेब, घोटाळा झालाय, बॅगेत ड्रायव्हरच्या काठ्या दोन आहेत. म्हणजे पंधरा! दोन फटके दंड. वूस्नमनं टोपी आपटली, जादाची काठी फेकून दिली, आणि शेवटी तो तिसऱ्या नंबरावर बरोबरीत राहिला.

इथपर्यंत कुणीही सांगेल. नाना इथून पुढं तापतात. "सरावाला दोन ड्रायव्हर घेऊन मारत कोण होतं? साहेब. मग ती काठी बॅगेत आली कुणामुळं? टाकणाऱ्यानं विसरायचं आणि उचलणाऱ्यानं मोजायचं, ही कुठली रीत?" त्या कॅडीची नोकरी त्या दिवशी वाचली, पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका स्पर्धेला उठायला उशीर झाला आणि गेली. हे सांगताना नाना आवाज खाली आणतात. स्वतःच्या चुलतभावाला पोलिसांनी नेलं तेव्हाही ते इतके हळहळले नव्हते.

एकदा त्यांनी फवारणी करून परतणाऱ्या पोराला बांधावर थांबवलं. पोराच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप, कापडी पट्टा खांद्यात रुतलेला. नानांनी त्याला वजन दोन्ही खांद्यांना सारखं कसं वाटावं, कमरेला टेकण कसं मिळावं, भरलेली गोल्फ बॅग बारा-तेरा किलोची होते, म्हणजे परदेशी जाणाऱ्या केळीच्या एका खोक्याएवढी, तरी नीट पट्टा असेल तर आठ-दहा किलोमीटर माणूस कसा हसत चालतो, हे सगळं समजावलं. पोरानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाना, ह्येच्यात औषध किती लिटर बसतं?"

आता नानांच्या खेळाबद्दल. तो पाहावा लागतो, आणि तो पाहायला उन्हाळा लागतो. उन्हाळ्यात आमच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच आकडा चालतो: उजनी किती टक्के. उपयुक्त साठा संपला की आकडा उणे होतो, धरण मायनसमध्ये जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० च्याही खाली गेलं. काठचे शेतकरी चाऱ्या खोदत, केबल वाढवत, पाइपाला पाइप जोडत पाण्याच्या मागं धावत होते. नानांचाही दोन एकर ऊस वाळत होता आणि चारचौघांत तेही हळहळत होते. पण पाणी जितकं मागं सरकेल तितकं त्यांचं मैदान मोठं. टपरीवर कुणी "आज अजून दोन टक्के गेलं" म्हणालं की नाना कपाळाला हात लावायचे आणि घरी जाऊन चेंडू पुसायचे.

बॅग मोटारसायकलच्या मागच्या सीटवर जुन्या ट्यूबनं आवळून ते निघतात. (म्हणजे कार्ट बॅग हवी होती, हे मी एकदा सुचवलं. ते आपल्याला आवडलेलं नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.) मी हौसेनं त्यांच्याबरोबर गेलो. ओसरलेल्या पाण्याखालून निघालेला भेगाळ गाळ, मध्ये मध्ये हिरवळ, चरणाऱ्या शेळ्या. नानांनी बॅग टेकवली, पाय फटकन उघडले, एक काठी निवडली, उभे राहिले, आणि मारलं. गाळाचा ढेकूळ वीस फूट गेला. चेंडू जागेवर होता. दुसऱ्या फटक्याला तो शेळीच्या दिशेनं गेला. तिसरा भेगेत. बॅगेच्या चारही जाती जाणणाऱ्या या माणसाला गोल्फ येत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. इतकी वर्षं ऐकून घेतलं होतं.

मग पुढच्या होलकडं निघालो. नानांनी बॅग खांद्याला लावली आणि उजवा तळहात मागं नेऊन काठ्यांच्या डोक्यांवर ठेवला. चालता चालता नुसता ठेवलेला हात. चौदा लोखंडी डोकी, खाली खाचखळगे, पण एक काठी दुसरीला वाजली नाही. मी नानांच्या मागून चालत होतो आणि त्या हाताकडं बघत होतो. हे युट्यूबवर शिकण्यातलं नव्हतं.

"नाना, असा हात का?"

"साहेब मारायला उभे राहिले की आपली बॅग वाजता कामा नये," नाना सहज बोलून गेले. आणि मग थांबले.

नानांचं मूळ गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे. आम्ही उभे होतो ते जुन्या गावाचंच रान होतं. पहिला होल त्यांच्या विहिरीच्या जागी, दुसरा चिंचेपाशी, तिसरा चुलत्याच्या बांधावर. खुणेच्या काठ्या त्यांनी उगाच कुठंही रोवल्या नव्हत्या. गाव उठल्यावर ते मामाबरोबर येरवड्याला गेले. तिथं गोल्फचं मैदान होतं आणि मैदानावर बॅगा होत्या. पाचेक वर्षं त्यांनी त्या उचलल्या. पुढं सरकारी खात्यात शिपाई म्हणून लागले, क्लार्क होऊन निवृत्त झाले. तेवढ्या वर्षांत एकदाही चेंडू मारला नाही. "मारायला कोण देतंय? पण कुठल्या साहेबाला कुठून कितवी लागंल ते बघून कळायचं. साहेब चुकीची मागायचे, आपण बरोबरची पुढं करायची. चेंडू नीट गेला तर साहेबांचा, नाही गेला तर आपला."

मग त्यांनी मला अली शेर सांगितला. दिल्लीच्या क्लबात बॅगा उचलणारा पोरगा, १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू झाला. चौरसिया सांगितला, त्याचे वडील कलकत्त्याच्या रॉयल क्लबात हिरवळ राखायचे, आणि त्यानं २००८ साली दिल्लीत भल्याभल्यांना मागं टाकून इंडियन मास्टर्स घेतली. आणि अदिती अशोक. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकात तिचं पदक एका फटक्यानं हुकलं त्या दिवशी संध्याकाळी सगळं जेऊर नीरज चोप्राच्या सुवर्णासाठी फटाके वाजवत होतं. नाना सकाळचं काहीतरी धरून बसले होते. "तिची बॅग तिच्या आईनं उचलली होती, सर. ऑलिंपिकात. आईनं."

निघताना म्हणाले, "हे घरी बोलायचं नाही. पोराला माहीत आहे की मी क्लबाच्या ऑफिसात होतो."

नानांबद्दल माझं मत बदललं असं कुणी समजू नये. परवाच त्यांनी माझ्या मेव्हण्याला लॅपटॉपच्या बॅगेवरून पाऊण तास धरून ठेवलं आणि त्याची गाडी चुकली. पण नानांनी पद्धत विचारली की हल्ली मी खरं उत्तर देतो. एवढंच.

गेल्या जूनमध्ये मुलगा सुट्टीला आला, बरोबर बारा वर्षांचा नातू. तिकडं शाळेच्या संघात गोल्फ खेळतो. पाऊस अजून लागला नव्हता, मैदान उघडं होतं. मलाही बोलावलं. मोटारीतून उतरल्या उतरल्या नानांनी बॅग खांद्यावर घेतली आणि हात मागं नेला.

"नाना, ठेवा ती खाली," मुलगा म्हणाला. "त्याची तो उचलेल. तिकडं सगळी पोरं आपापली उचलतात."

"तिकडं उचलू दे," नाना म्हणाले, आणि चालायला लागले.

चिंचेच्या होलला वारा समोरून होता. पोरानं हात पुढं करून नऊ नंबर मागितली. नानांनी न बोलता सात नंबर उपसली आणि मूठ त्याच्याकडं करून पुढं धरली. पोरानं आजोबांकडं बघितलं, बापाकडं बघितलं, खांदे उडवले आणि मारलं. चेंडू उंच गेला, वाऱ्यात थोडा रेंगाळला, आणि खुणेच्या काठीपासून दोन हातांवर पडला.

मुलगा बघतच राहिला. "नाना, तुम्हाला कसं कळलं?"

नानांनी काठी परत घेतली, फडक्यानं पुसली, कप्प्यात सरकवली आणि माझ्याकडं वळले.

"सर, सांगा ह्याला. युट्यूबवर सगळं असतं."