नक्षी कोरी, वय झालेलं

ब्रिटनमध्ये मोटरहोमचे टायर धावून झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. गाडी वर्षाचा बहुतेक काळ घरासमोर ताडपत्रीखाली. नक्षी कायद्याच्या १.६ मिलिमीटरपेक्षा कितीतरी खोल. मालक खूश! पण वाकून बघा, टायरच्या बगलेत बारीक भेगा आणि लंबगोलात चार आकडे : २३१७. म्हणजे जन्म २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला.

मग नव्या टायरचा शोध सुरू. सोफा, ओव्हन आणि न्हाणीघर पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या गृहस्थाला काटकसर आठवते ती नेमकी टायरच्या दुकानात. व्हॅनचे स्वस्त टायर घ्यावेत, की सदैव लादलेल्या गाडीसाठी बनवलेले ‘सीपी’ शिक्क्याचे? सीपी घेतले तर मागच्या चाकांत साडेपाच बार हवा भरायची, आणि मग प्रत्येक खड्ड्याला कपाटातल्या बश्या टाळ कुटणार.

तिसरा पंथ ऑल-सीझनवाल्यांचा. टायरवरचं डोंगर-हिमकणाचं चिन्ह बघून भाव आल्प्सचे. चाकं गरगरतात मात्र कॅम्पसाइटच्या ओल्या गवतात. तिथून बाहेर काढतो तो शेतकऱ्याचा ट्रॅक्टर. त्याच्या टायरचं वय कुणीच विचारत नाही.