सोवळ्यातली सायकल

जुनी माउंटन बाइक हौसेनं दुरुस्तीला काढली की पहिला प्रश्न पैशांचा येत नाही, सोवळ्याचा येतो. १९९२च्या सायकलला चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर १९९२चाच हवा, गिअरच्या लिव्हर त्याच सालच्या हव्यात, टायरच्या कडा तपकिरीच हव्यात असं मानणारा एक पंथ जगभर पसरला आहे. (पुण्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात कशाची नसते?) या पंथाच्या माणसाकडे कंपनीचा मूळ कॅटलॉग असतो आणि इतरांच्या सायकलींकडे बघण्याची एक खास नजर असते. त्याच्यादेखत क्रोमोली पोलादाच्या जुन्या फ्रेमला नवं रुंद हँडल लावून पाहा. त्याच्या लेखी सायकल बाटली.

अशा वेळी सायकलचं कूळ काढावं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या केस वाढवलेल्या पोरांना डोंगर उतरायचा नाद लागला. सायकली कुठल्या? श्विन कंपनीच्या, तीस-चाळीसच्या दशकांतल्या, फुगीर टायरच्या, बहुतेक भंगारातून उचललेल्या. गिअर नाहीत आणि ब्रेक म्हणजे पेडल उलटं दाबायचं. फेअरफॅक्स गावाजवळचा त्यांचा लाडका उतार साधारण ३.४ किलोमीटरांत ४०० मीटर खाली येतो. तळाला पोहोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि नवं ग्रीस भरल्याशिवाय पुन्हा वर जाण्यात अर्थ नसायचा. म्हणून त्या वाटेचं नावच ‘रिपॅक’ पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथे पहिली शर्यत झाली. पुढे त्यांच्यातल्याच गॅरी फिशरनं हा उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत मारला. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

दर खेपेला ग्रीस भरून कंटाळलेल्या या मंडळींनी मग काय केलं? जे हाताला लागेल ते जोडलं. ड्रम ब्रेक दोघांनी चालवायच्या टँडेम सायकलचे, ब्रेकच्या लिव्हर मोटरसायकलच्या, गिअर लांबच्या प्रवासाच्या सायकलींचे. १९७४च्या डिसेंबरात कूपर्टिनो गावाहून वेगळ्याच एका शर्यतीला आलेल्या काही जणांच्या जाड टायरच्या सायकलींना डिरेलर लावलेले मरिनकरांनी पाहिले होतेच. मरिनच्याच जो ब्रीझनं याच कामासाठी मुद्दाम फ्रेम बांधली ती १९७७ साली, आणि स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर दुकानात आली ती १९८१ साली. म्हणजे जिला आज शुद्ध ठेवायची ती वस्तू जन्मालाच आली जुन्या सांगाड्याला नवे भाग ठोकून. त्या काळी रिपॅकच्या माथ्यावर १९३७च्या श्विनचा एखादा सोवळ्यातला भक्त उभा असता, तर माउंटन बाइकचा गर्भपातच झाला असता.

तरीही सुधारकांच्या बाजूनं टाळ्या पिटायचं कारण नाही. सुधारक म्हणजे जुन्या फ्रेमला डिस्क ब्रेक, बारा गिअर आणि लांब झटक्यांचा पुढचा फोर्क एकदम हवा असलेला गृहस्थ. पगार झाला की त्याला चढतं. नव्वदच्या आसपासच्या फ्रेमच्या मागच्या चिमट्यात १३० किंवा १३५ मिलिमीटरचा हब बसतो. आजचा माउंटन बाइकचा हब १४८चा. फ्रेम पोलादी असेल तर १३०ची १३५ हलक्या हातानं फाकवता येते, १४८चं स्वप्न बघू नये. डिस्कचा कॅलिपर धरायला फ्रेमवर जागाच नसते. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला म्हणतो, ‘देतो की पट्टी मारून.’ आणि देतोही. पण ती पातळ नळी कॅलिपरच्या ओढीसाठी काढलेलीच नाही, हे उतारावर कळतं. लांब फोर्कचीही तीच गत. पुढचा भाग उचलला जातो, हँडलची नळी मागे कलते, सायकल चढाला भरकटते आणि कोपऱ्यावर उशिरा वळते. ही फ्रेम सत्तर-एकाहत्तर अंशांच्या कोनावर आखलेली होती. आखणाऱ्याला अक्कल होती, एवढं तरी मान्य करावं.

मग बदलायचं काय? ब्रेक. आधी ब्रेक, मग बाकी सगळं. जुने कँटिलिव्हर ब्रेक दिसायला देखणे, पण ते जुळवायला बसलेला माणूस घरच्यांशी नीट बोलत नाही. १९९६च्या सुमारास शिमानोचे व्ही-ब्रेक आले आणि गंमत अशी की ते फ्रेमवरच्या त्याच खुंट्यांवर बसतात. वेल्डिंग नको, करवत नको. फक्त लिव्हरही त्यांच्या जोडीच्याच घ्याव्या लागतात, कारण व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढावी लागते. जुनीच लिव्हर ठेवली तर ती हँडलला टेकायला येते आणि ब्रेक विचारात पडलेला असतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

नंतर टायर, ते तर उघडच आहे. हँडल थोडं रुंद, पण आजच्या फॅशनचं ८०० मिलिमीटरचं नको. जुन्या फ्रेमची वरची नळी आखूड आणि तिची कसर भरायला हँडल धरणारं स्टेम हातभर लांब. त्याच्या जागी चार बोटांचं स्टेम बसवलं तर गुडघे हँडलला सलाम करतात. पुढच्या तीन चकत्यांच्या जागी एकच ठेवली, तिचे दात एकाआड एक जाड-बारीक घेतले, की चेन उडत नाही आणि पुढचा डिरेलर कायमचा सुटीवर जातो. मागे नऊ गिअर पुरतात. बारा कशाला? जुना अंगठ्यानं ढकलायचा शिफ्टर टिकटिक बंद करून नुसत्या घर्षणावर चालवला की मागे सात चकत्या असोत की नऊ, त्याला काही फरक पडत नाही. आजचा बिनतारी शिफ्टर आधी बॅटरी मागतो.

एका बाबतीत आपल्याकडची मंडळी भाग्यवान आहेत. २६ इंची चाक जगानं मोडीत काढलं. आधी २९ इंची आलं, मग मधलं साडेसत्तावीस, आणि परदेशात २६ची चांगली टायर शोधायला लोकांना हिंडावं लागतं. इथे मात्र रेंजर सायकल आणि तिच्या भावंडांच्या कृपेनं गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे २६ची ट्यूब खिळ्याला लटकलेली असते. कॅलिफोर्नियाहून परतलेल्या मामानं खोक्यातून आणलेली ट्रेक असो की आणखी काही, तिची सोय इथे होते. चाकाचा आऊट काढावा तर त्याच पंक्चरवाल्यानं. स्पोकला बोट लावून तो जे ऐकतो ते चकचकीत दुकानातल्या मुलाला यंत्र लावूनही सापडत नाही. सावध राहायचं ते फक्त क्रँकपाशी. त्याचा हात कॉटर पिनवर वाढलेला, त्यामुळे अडलं की हातोडी. चौकोनी अॅक्सलचा अॅल्युमिनियमचा क्रँक हातोडीनं निघत नाही, मरतो. क्रँक ओढून काढायचा पुलर स्वतःच घेऊन जावा आणि शेजारी चहा पीत बसावं.

खर्चाचा हिशेब कुणी मांडू नये. मांडलाच तर बायकोला दाखवू नये.

आणि ज्यांना हा सगळा खटाटोप जुनाट वाटतो त्यांनी जरा कंपन्यांकडे पाहावं. पेडलच्या खालचा बेअरिंगचा भाग पूर्वी आटे पाडून घट्ट बसवायचे. मग तो नुसता दाबून बसवायची टूम आली, वजन कमी आणि कडकपणा जास्त म्हणून. काही वर्षं जगभरच्या महागड्या सायकली चढावर कुरकुरल्या. आता बऱ्याच कंपन्या पुन्हा आट्यांवर आल्या आहेत आणि जाहिरातीत त्याचा मोठा गाजावाजा आहे. ग्रॅव्हल बाइक म्हणून जी चीज सध्या विकली जाते तिच्याकडेही एकदा नीट पाहा. बहुतेकींना पुढे झटक्यांचा फोर्क नाही, टायर जाडसर, गिअर कच्च्या रस्त्याला पुरतील असे. नव्वद सालची बिनसस्पेन्शनची माउंटन बाइक ती, फक्त हँडल खाली वाकवलेलं. त्या वाकवण्याचे पैसे वेगळे.