आतल्या रिंगणातला काका

लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पन्नाशीपुढच्या माणसांना जिलबी येईपर्यंत काहीतरी बोलावं लागतं, आणि राजकारण काढलं तर व्याही दुखावतात, म्हणून विषय गाण्यांवर येतो. कुणी वसंतराव म्हणतं, कुणी कुमारजी, कुणी डोळे मिटून नुसतंच "बाबूजी" म्हणून थांबतं, आणि फिरत फिरत पाळी माझ्यावर आली की मी सांगतो, "हंड्रेड आरबीएच." मग काही वेळ फक्त मठ्ठा ओरपण्याचा आवाज येतो. मागच्या एका लग्नात मुलीकडच्या गृहस्थांनी धीर करून विचारलं, "कोणत्या घराण्याचे?" मी म्हटलं, "अमरावतीचे." त्यांनी मान डोलावली. "वाटलंच," म्हणाले.

मी खोटं बोललो नव्हतो. सौरभ अभ्यंकर हा अमरावतीचाच. नावातला 'सौ' त्यानं आकड्यात लिहिला, उरलेला इंग्रजी अक्षरांत, आणि मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅपरांच्या टोळीत तो मराठी घेऊन उतरला. हे एवढं सगळं मठ्ठ्याच्या वेळी सांगायला गेलो, तोवर वाढपी भात घेऊन आला.

हा नाद मला चिरंजीवांमुळे लागला. नोकरीसाठी बंगळूरला जाताना तो गाण्यांचं ॲप आमच्या ब्लूटूथ स्पीकरला तसंच जोडून गेला, त्यामुळे त्या ॲपला आजही मी विशीतला वाटतो. असं वाटणारं घरात दुसरं कुणी नाही. तर एका सकाळी मी अभंग लागेल या आशेनं बटण दाबलं आणि लागलं 'द वारली रिव्होल्ट'. कॉलेजात असताना गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलेलं असल्यामुळे मी गवार मोडता मोडता हिला अधिकारवाणीनं सांगितलं की हे 1945 च्या वारल्यांच्या उठावाबद्दल आहे, सावकार आणि वेठबिगारीबद्दल, आणि पुढे बराच वेळ पार्श्वभूमी समजावत राहिलो. गाण्यातली माणसं मात्र आरेच्या जंगलाबद्दल बोलत होती. गाणं 2019 चं. स्वदेसीच्या पोरांबरोबर आरेतल्या केलतीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात आहेत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं रातोरात पाडली गेली. मी त्या काळात 'मेट्रो येणार कधी?' म्हणून फलाटावर कुरकुरणाऱ्यांतला एक. गाणं संपलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. गवारीच्या शेंगा कचऱ्याच्या डब्यात होत्या आणि शिरा पातेल्यात.

अंडरग्राउंडचा रसिक व्हायचं तर आधी भूगोल पक्का लागतो. इथले कलाकार घराणं सांगत नाहीत, पिनकोड सांगतात. डिव्हाईन अंधेरी पूर्वेच्या जेबी नगरचा, म्हणून 59; नेझी कुर्ला पश्चिमेचा, म्हणून 70. या दोघांचं 'मेरे गली में' 2015 मध्ये आलं, आणि पुढे 2019 मध्ये त्यांच्याच आयुष्यांवरून सुचलेला 'गली बॉय' आला तेव्हा कुठे आमच्या बँकेतल्या लोकांना कळलं की कुर्ल्याला गाडी बदलण्यापलीकडेही काही घडतं. आता, सगळी नोकरी फॉर्मवरचे पत्ते तपासण्यात गेल्यामुळे पिनकोड हा माझा प्रांत. मी आरशासमोर उभा राहून छाती पुढे काढून माझा म्हणून पाहिला: 421201. डोंबिवली पूर्व. मुंबईचे पिनकोड 400 ने सुरू होतात. माझी सुरुवातच गाडी चुकल्यासारखी होते, आणि शेवटचे दोन आकडे घ्यावेत तर झिरो वन. त्यावर फोर्टातले 400001 वाले आधीच बसलेत. आमच्या डोंबिवलीकराला तिथेही चौथी सीट.

दुसरा नियम त्याहून अवघड: गाणं सगळ्यांना आवडायला लागलं की आपल्याला आवडणं बंद व्हायला हवं. हा मला कधीच जमला नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन 2023 मध्ये 'बिग बॉस' जिंकला, म्हणजे अंडरग्राउंडमधून त्याचं नाव कमी झालं, पण त्याला मतं द्यायला मी फोन घेऊन हिच्या शेजारीच बसलो होतो. श्रेयस सागवेकर आणि क्रेटेक्स यांचं 'तांबडी चामडी' 2024 मध्ये थेट स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीकडून निघालं. जाणकारांच्या मते ते मुळात रॅपच नव्हे, नाचायचं गाणं. मी आमच्या सोसायटीच्या विसर्जन मिरवणुकीत त्यावर नाचलो. जाणकार बरोबर होते, पण ते माझ्या कमरेला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी 'आफत'ची हकिकत वाचून मला हुरूप आला. नेझीनं 2014 मध्ये ते गाणं वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्याच्यावरच काढला. म्हणजे स्टुडिओ नको, खर्च नको. टॅबलेट माझ्याकडेही होता; मुलानं वापरून टाकलेला, म्हणजे आमच्याकडे वारसा उलट्या दिशेनं वाहतो एवढाच फरक. हॉलमध्ये मालिका चालू, बाथरूममध्ये आवाज घुमतो, म्हणून स्वयंपाकघर निवडलं, ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो म्हणून अंधार केला, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, आणि पाणीपट्टीच्या बिलामागे लिहिलेल्या माझ्या ओळी घामाघूम होत एका दमात म्हणून टाकल्या. ऐकून पाहिलं तर सुरुवातीलाच कुकरची शिट्टी, मग खालून भंगारवाला, मग हिचा आवाज, "फ्रिज कुणी बंद केला?", आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी लांबवर मी. तसंच चिरंजीवांना पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "बाबा, शिट्टी परफेक्ट बीटवर पडलीये."

त्याचं म्हणणं, मला ताल नाही. हे मी मानत नाही. लहानपणी क्लासला जाऊन केरवा-दादऱ्यापर्यंत तबला शिकलोय, पुढे मास्तरांनीच बस म्हटलं. त्यामुळे मी हा विषय गणितानं सोडवायला घेतला. रॅपचं एक कडवं साधारण सोळा बारांचं, एका बारात चार मात्रा, म्हणजे केरव्याच्या एका आवर्तनात दोन बार बसतात, सोळा बारांना आठ आवर्तनं, आणि मिनिटाला 90 च्या लयीत हा सगळा खेळ पाऊण मिनिटाच्या आत आटोपतो. तेवढ्यात ही पोरं जात, पाणी, पोलीस, थकलेलं भाडं आणि आई इतकं बोलून मोकळी होतात. धारावीचे सेव्हन बंटायझ तर हिंदी, मराठी, तमिळ अशा उड्या मारतात. मला पाऊण मिनिटात स्वतःचा पासवर्ड आठवत नाही.

'गली बॉय'मधलं 'इंडिया 91' ऐका म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. विवेक राजगोपालन हे मृदंगम वाजवणारे. त्यांनी 'ता धोम प्रोजेक्ट'मधून या पोरांना कर्नाटक संगीतातलं कोन्नकोल, म्हणजे तोंडानं तालाचे बोल म्हणण्याची विद्या, शिकवली, आणि त्यातून हे गाणं उभं राहिलं. त्यात सौरभ आहे, महाऱ्या आहे, धारावीचा एमसी अल्ताफ आहे, आणि गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार आहे. तो मार्च 2022 मध्ये गेला, अवघ्या 24 व्या वर्षी. त्याचा भाग आला की मी मात्रा मोजत नाही.

एरवी मोजतो. सकाळच्या लोकलमध्ये कानात इअरफोन, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय, अशा अवस्थेत मी उभा असताना एकदा खिडकीजवळचे गृहस्थ उठले आणि मला बसा म्हणाले. मी बसलो. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "अनुग्रह कुणाचा?" माझ्या डोक्यात गाणं चालू होतं, तोंडून निघून गेलं, "राजगोपालन." "दक्षिणेकडचे का? फार कडक असतात," म्हणून त्यांनी हात जोडले आणि सगळ्या ग्रुपला खूण केली. तेव्हापासून त्या डब्यात मला ठाण्यापर्यंत खिडकी मिळते. खरं सांगायची छाती होत नाही.

या सगळ्यावर कळस म्हणून मी एक सिद्धांत मांडला, आणि मांडला तोही भाच्यासमोर, जो या प्रांतातला खरा माहीतगार. सिद्धांत असा की रॅप आपल्याला नवा नाहीच. आमच्या संगमेश्वराकडे शक्ती-तुरा चालतो. समोरासमोर दोन शाहीर, एक शक्तीवाला, एक तुरेवाला, पायांत चाळ बांधलेली जाखडीची पोरं, एकानं पुराणातला कूटप्रश्न घालायचा, दुसऱ्यानं उत्तर देता देता त्याची अशी खिल्ली उडवायची की समोरच्याला घाम फुटावा. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांनी या सामन्यांना वर्षानुवर्षं शिट्ट्या मारल्या आहेत. भाच्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, 11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्क, ब्राँक्स, 1520 सेजविक ॲव्हेन्यू. डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिनं बिल्डिंगच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. हिप-हॉपचा वाढदिवस तो." मी गप्प बसलो. आमच्या सोसायटीचा हॉल असता तर सेक्रेटरींनी डिपॉझिट मागितलं असतं, दहाला स्पीकर बंद केला असता, आणि जगात हिप-हॉप आलंच नसतं. माझा सिद्धांत जन्माच्या दाखल्यात हरला, पण स्वभाव जुळतो यावर मी आजही ठाम आहे.

"एवढं आहे तर चला कार्टर रोडला," भाचा म्हणाला.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर समुद्राकडेला जे ॲम्फीथिएटर आहे, तिथं मुंबईची रॅपर पोरं कित्येक वर्षं सायफरला जमत आली आहेत. सायफर म्हणजे सगळ्यांनी गोल उभं राहायचं, एकानं तोंडानं बीट द्यायचा आणि बाकीच्यांनी पाळीपाळीनं जागच्या जागी सुचेल ते म्हणायचं. मी नॅपकिन, पाण्याची बाटली, बीपीची गोळी आणि घडीचं स्टूल घेऊन गेलो. स्टूल तिथं कुणाकडेच नव्हतं. डाव्या कानानं मला जरा कमी ऐकू येतं, म्हणून मी पुढे पुढे सरकत राहिलो, पोरंही "या काका, या" म्हणत वाट देत राहिली, आणि बघता बघता मी आतल्या रिंगणात पोचलो. तिथं मी मैफिलीच्या सवयीनं "वा!", "क्या बात है!" अशी दाद देऊ लागलो, एका पोरानं शेजारच्याच्या बुटांची यथेच्छ टिंगल केली तेव्हा तर रंगात येऊन "पुन्हा, पुन्हा!" म्हणालो. बूटवाल्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती वसुली खात्यात असताना मी पुष्कळ पाहिली आहे.

पाळी उजवीकडून डावीकडे फिरत होती आणि आतल्या रिंगणात उभा असलेला प्रत्येक जण म्हणणारा असतो, हे मला बीट माझ्यासमोर येऊन थांबल्यावर कळलं. म्हणजे बीट थांबलाच नाही. बीट देणारा पोरगा भुवया उडवून "काका, चला" म्हणत होता, पाणीपट्टीचं बिल दुसऱ्या पँटच्या खिशात होतं, भाचा समुद्राकडे तोंड करून उभा होता, आणि माझ्या तोंडून रोज काउंटरवर जे निघतं तेच निघालं:

"पॅन हवं, आधार हवं, फोटो हवेत दोन,
नॉमिनीचं नाव लिहा, बंद करा फोन,
सही करा रेघेवर, बाहेर जाऊ नका,
लंच टाइम झाला, बाई, माझ्यावर चिडू नका!"

एकच गिल्ला झाला. "विषय हार्ड!" असं कुणीतरी ओरडलं. पोरं माझ्याभोवती गोळा झाली, मी सेल्फीसाठी केस सारखे केले, आणि पहिल्यानं विचारलं, "काका, अकाउंट मायनरचं मेजर करायला काय लागतं?" दुसऱ्याचं खातं गोठलं होतं. तिसऱ्याला व्हिडिओचे डॉलर येणार होते आणि फॉर्म कळत नव्हता. मी स्टूल उघडून बसलो आणि रात्री सायफर मोडेपर्यंत केवायसी समजावून सांगत होतो, त्यामुळे पुढच्या कुणाचंच काही ऐकायला मिळालं नाही. भाचा आता ओळख करून देताना 'एमसी केवायसी' असं सांगतो.

तुम्ही मात्र जरूर जा. त्याआधी घरी 'द वारली रिव्होल्ट' आणि 'इंडिया 91' नीट ऐका, हेडफोन लावून, भाजी निवडायला न घेता. आणि कार्टर रोडला पोचलात की बाहेरच्याच रांगेत उभे राहा, एका कानानं कमी ऐकू येत असलं तरीही.